उघडी पेटी

स्पेनमध्ये सांतो दोमिंगो दे ला काल्सादा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत, बऱ्यापैकी उंचावर, एक खुराडं आहे. दगडी कोरीवकाम, पुढे काच, आत दिवा, आणि त्यात एक पांढरा कोंबडा व एक पांढरी कोंबडी. जिवंत. मी गेले तेव्हा कोंबडा एकदा मोठ्यानं आरवला. पुढच्या बाकावर जपमाळ ओढत बसलेल्या आजीबाईंनी मानसुद्धा वळवली नाही.

त्यामागची दंतकथा अशी. आईबाप आणि तरुण मुलगा असं एक जर्मन कुटुंब सांतियागोच्या यात्रेला निघालं होतं. या गावात ते एका खाणावळीत उतरले. खाणावळवाल्याच्या मुलीचं त्या मुलावर मन बसलं, त्यानं तिला नाही म्हटलं. तिनं रागानं चांदीचा पेला त्याच्या पोतडीत लपवला आणि सकाळी चोरीची बोंब ठोकली. मुलाला फाशी झाली. आईबाप रडत पुढे गेले, यात्रा पुरी करून परत आले, तर मुलगा फासावर लटकलेला, पण जिवंत. संतानं त्याला आधार देऊन ठेवलं होतं. ते धावत न्यायाधीशाकडे गेले. तो जेवायला बसत होता. म्हणाला, तुमचा मुलगा या ताटातल्या भाजलेल्या कोंबडीइतकाच जिवंत असेल. आणि ताटातली कोंबडी-कोंबडा पंख फडफडवत उठले.

गोष्ट चमत्काराची म्हणून सांगतात. मला ती आधी पाहुण्याची वाटते. परका माणूस दारात आला की चांदीचे पेले मोजायचे, ही माणसाची फार जुनी सवय आहे.

त्या दिवशी मी ती गोष्ट जरा जास्तच मनावर घेतली, कारण माझ्याकडे पैसे नव्हते.

या यात्रेला कामिनो म्हणतात, म्हणजे नुसतं 'वाट'. येशूच्या बारा शिष्यांपैकी जेम्स, स्पॅनिशमध्ये सांतियागो, याचे अवशेष स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला इथे आहेत अशी श्रद्धा. त्यासाठी हजारेक वर्षं लोक युरोपभरातून चालत येताहेत. वाटा पुष्कळ आहेत. सगळ्यात वर्दळीची वाट फ्रान्सच्या हद्दीतून, पिरेनीज पर्वत ओलांडून येते, साधारण ७८० किलोमीटर. मी तिच्यावर होते. श्रद्धा हे कारण नव्हतं. नोकरी संपली होती, गुडघे अजून शाबूत होते, आणि लहानपणी पालखी दारावरून जायची ती बघत मोठी झाले असले तरी वारी कधी केली नव्हती. घरच्या वाटेवर चालायला लाज वाटते आणि परक्या वाटेवर वाटत नाही, हा प्रकार मी एकटीनंच केलेला नसावा.

तर दहाव्या दिवशी सांतो दोमिंगोच्या एटीएमनं माझं कार्ड नाकारलं. दुसऱ्या एटीएमनंही. बँकेला फोन केला तर कार्ड 'सुरक्षेच्या कारणास्तव' थांबवलंय, तीन ते पाच कामाचे दिवस लागतील असं कळलं. खिशात अकरा युरो होते. ज्या इमारतीत संत दोमिंगोनं बाराव्या शतकाच्या सुरुवातीला मरण्याआधी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा चालवली, त्या जागी आता सरकारी साखळीतलं महागडं हॉटेल आहे. तिच्या दारातल्या कुंड्यांपाशी पाच मिनिटं बसले आणि पुढच्या गावाकडे निघाले. ग्रान्योन. सहा-सात किलोमीटर. तिथल्या चर्चमध्ये ठरावीक दर नाही, ज्याला जे जमेल ते द्यावं अशी सोय आहे, हे वाटेत कुणीतरी सांगितलं होतं.

ग्रान्योनला यात्रेकरू चर्चमध्येच राहतात. चर्चच्या आवारात बांधलेली धर्मशाळा नव्हे, चर्चच. बुरुजात एक अरुंद दगडी जिना गोल गोल वर जातो आणि वरच्या खोल्यांत जमिनीवर गाद्या अंथरतात. जिन्याच्या वर पोचले तेव्हा साठीच्या एक बाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. स्वयंसेविका. अशा जागा तेच लोक चालवतात. स्वतः कधीतरी चाललेले असतात, मग पंधरा दिवस येऊन स्वयंपाक करतात, संडास धुतात आणि परत जातात.

मी पूर्ण वाटभर वाक्य जुळवत आले होते. सॅक न उतरवताच सुरू केलं. म्हटलं, माझ्याकडे फार पैसे नाहीत, कार्ड बंद पडलंय. त्या ऐकत होत्या. मग, का कोण जाणे, पुढचंही बोलून गेले. म्हटलं, आणि मी ख्रिश्चन नाही. मी तशी हिंदू, म्हणजे खरं तर मी काहीच मानत नाही.

त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पायांना फोड आलेत का?"

आले होते. डाव्या टाचेला. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, परात आणली, त्यात गरम पाणी आणि मीठ. वहीत नाव आणि देश लिहायचा होता, तोही नंतर, जेवणं झाल्यावर. जेवण करायला सगळ्यांनी मदत करायची होती. मी फोडांवर पट्टी लावून बटाटे सोलले.

इथे मला एक कबूल करायला हवं. त्या प्रश्नानं मला बरं वाटलं, हे खरं. पण थोडा रागही आला. मी माझी सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली होती आणि ती कुणी उचललीच नाही. माझ्या नास्तिकपणाला मी चाळीस वर्षं जपलं आहे. घरात भांडून, लग्नात भांडून. निदान भुवई तरी उंचवायची. 'तरीही तुमचं स्वागत आहे' असं म्हणायचं. त्या 'तरीही'मध्ये माझी दखल असती. इथे 'तरीही' नव्हतंच.

हा राग क्षुल्लक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याच्या मागे एक खरा प्रश्न आहे असं अजून वाटतं. न विचारता केलेलं स्वागत हे मोठं की ओळख करून घेऊन, फरक समजून घेऊन केलेलं? पाहुण्याला कोण-कुठला न विचारणं म्हणजे त्याचा मान राखणं, की त्याच्याकडे नीट न बघणं?

तत्त्वज्ञांनी यावर बराच खल केला आहे. इमॅन्युएल कान्टनं १७९५ मध्ये शाश्वत शांततेवरच्या निबंधात लिहिलं की परक्या भूमीवर गेलेल्या माणसाला शत्रू म्हणून न वागवलं जाण्याचा हक्क आहे. ती कुणाची दया नाही. मात्र हा हक्क भेटीचा, मुक्कामाचा नाही. राहायचं असेल तर वेगळा करार लागतो. दोनशे वर्षांनी झाक देरिदानं यातली मेख दाखवली. अट असलेलं आतिथ्य म्हणजे आधी नाव सांग, मग आत ये. खरं आतिथ्य नावही विचारणार नाही. पण नाव न विचारता, कशाचीच अट न घालता दार उघडं ठेवलं तर घर हे घरच राहत नाही, आणि घर नसेल तर पाहुण्याला देणार काय? म्हणजे शुद्ध आतिथ्य अशक्य आणि अशुद्ध आतिथ्य हे पुरेसं आतिथ्य नाही. देरिदा वाचताना नेहमी होतं तसं मला इथेही होतं: बरोबर आहे असं वाटतं आणि स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी करावंसं वाटतं.

ग्रान्योनच्या चर्चनं हा पेच सोडवला होता असं मी म्हणणार नाही. त्यांना मला न विचारणं परवडत होतं. माझ्या पाठीवर सॅक होती, सॅकवर शिंपला लटकत होता, खिशात यात्रेकरूचा शिक्क्यांचा पास होता. माझी चौकशी माझ्याआधीच होऊन गेली होती. मुंबईच्या व्हिसा केंद्रात मी बँकेची खातेउतारे दिले होते, विम्याचा कागद दिला होता, परतीचं तिकीट दिलं होतं, कुठे राहणार त्याचे पुरावे दिले होते. शासनानं माझे चांदीचे पेले मोजून घेतल्यावरच चर्चला ते न मोजण्याचा मोठेपणा दाखवता येत होता. बुरुजाच्या जिन्यावर माझ्याऐवजी कागदपत्रं नसलेला, भूमध्य समुद्र ओलांडून आलेला कुणी तरुण उभा असता तर? त्या बाईंनी त्यालाही परात आणून दिली असती याची मला खात्री आहे. तो त्या जिन्यापर्यंत पोचला असता याची नाही.

संध्याकाळी खाली चर्चमध्ये मिसा झाली. शेवटी पाद्रींनी आम्हा चालणाऱ्यांना वेदीपाशी बोलावलं आणि प्रत्येकाला देश विचारला. कोरिया, इटली, ब्राझील, हंगेरी. माझी पाळी आली. इंडिया म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. सिनेमात पाहिलेला असणार. त्याआधी प्रसादाच्या वेळी मात्र मी बाकावर बसून राहिले होते. ख्रिस्तशरीर म्हणून जी भाकर देतात ती बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांनाच घेता येते. बाकीचे हात छातीवर दुमडून रांगेत जाऊ शकतात, मग नुसता आशीर्वाद मिळतो. म्हणजे त्याच छपराखाली, एकाच संध्याकाळी, एक ताट सगळ्यांचं होतं आणि एक नव्हतं. वरती डाळीच्या रश्शाला कुणी नाव विचारलं नाही, खाली भाकरीला विचारलं.

हे मला खटकलं नाही. उलट थोडं हायसं वाटलं. इथे काहीतरी त्यांचं स्वतःचं आहे, त्याला दार आहे, आणि ते दार आहे म्हणून दुसरं दार उघडं ठेवण्याला अर्थ आहे. ज्याच्या घरात काहीच राखून ठेवलेलं नाही त्याच्या पाहुणचाराचं काय कौतुक?

जेवणानंतर आम्हाला एका अंधाऱ्या बोळातून चर्चच्या आतल्या माडीवर नेलं. जुन्या काळी गाणाऱ्यांची बसायची जागा, लाकडी आसनं, समोर खाली अंधारात सोन्याचा मुलामा दिलेली उंच वेदी. एक मेणबत्ती हातोहात फिरली. ज्याच्या हातात येईल त्यानं आपल्या भाषेत काहीही बोलावं, नाहीतर गप्प बसून पुढे द्यावी. लोक बोलले. एक जण रडला. माझ्या हातात मेणबत्ती आली तेव्हा प्रार्थना म्हणणं मला खोटं वाटलं आणि काहीच न बोलणं कृतघ्नपणाचं. म्हणून मी मराठीत म्हटलं, "इथे कुणालाच हे कळणार नाही, म्हणून सांगते, मला फार बरं वाटतंय." एवढंच. शेजारच्या कोरियन मुलानं अगदी गंभीरपणे मान लववली.

आता पेटीकडे येते.

खालच्या प्रवेशापाशी एक लाकडी पेटी असते. देणगीची पेटी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ती कुलूपवाली, वर फट असलेली. ही उघडी होती. झाकण पूर्ण मागे. आत नोटा, नाणी, सगळं दिसत होतं. वर पाटी: जमेल तेवढं ठेव, लागेल तेवढं घे.

सकाळी साडेसहाला मी एकटीच खाली होते. माझे अकरा युरो. पुढचं मोठं गाव बेलोरादो, सोळा-एक किलोमीटर. बुर्गोस शहर अजून तीन दिवस. मी पाटी तीनदा वाचली. मग मागे वळून जिन्याकडे बघितलं. कुणी येत नव्हतं. आणि मी मागे वळून बघितलं या गोष्टीचीच मला इतकी शरम वाटली की मी परत वर गेले, बाईंना शोधलं, त्या पाव कापत होत्या, आणि त्यांना म्हटलं की मला वीस युरो घ्यायचे आहेत, मी चिठ्ठी लिहून ठेवते, नाव-पत्ता, बुर्गोसला कार्ड सुरू झालं की पाठवते.

त्यांनी पावावरची सुरी थांबवली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला नापसंती दिसली. म्हणाल्या, "मला कशाला सांगता? ती पेटी माझी नाही." आणि मग, जरा मऊ आवाजात, "चिठ्ठी नको. चिठ्ठी ठेवलीत तर पुढच्यालाही ठेवाविशी वाटेल."

मी खाली आले आणि दहाच्या दोन नोटा घेतल्या. चोरासारख्या. पोतडीत पेला सापडावा तशी सॅकची चेन ओढली.

मराठीत 'मिंधा' असा एक शब्द आहे. ज्याच्यावर उपकार झालेत तो, पण तेवढंच नाही. उपकारामुळे ज्याची मान खाली गेली आहे आणि ज्याला आता खरं बोलण्याची सोय उरलेली नाही, तो. आमच्या घरात कुणाचं मिंधं व्हायचं नाही हे व्रतासारखं पाळलं जायचं. शेजारून वाटीभर काही आलं तर वाटी रिकामी परत जात नसे, चार दाणे साखर का होईना घालून जाई. मी चिठ्ठी लिहायला निघाले होते ती याच शिस्तीत. ती वाटी मला रिकामी परत करायची नव्हती. आणि त्या बाई सांगत होत्या, वाटी परत करूच नकोस.

त्या दिवशीच्या चालण्यात, ला रिओहा प्रांत संपून कास्तीयची गव्हाची शेतं सुरू होतात तिथे, मी त्या बाईंवर मनातल्या मनात खूप चिडले. परतफेडीची वाट बंद करणं हा क्रूरपणा नाही का? देणाऱ्यानं असं निसटून जाणं, चेहराच न ठेवणं? आभार मानायचे तरी कुणाचे? त्या पेटीत कुणी टाकलेल्या नोटा मी घेतल्या. टाकणारा कदाचित परवा इथून गेलेला कुणी दारूडा असेल, कदाचित एखादा बदमाश. मला माझा उपकारकर्ता निवडू दिला नव्हता.

मग आठवलं की शतपथ ब्राह्मणात ऋणांची जी यादी आहे तिच्यात तीन नव्हे, चार ऋणं आहेत. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही आपण ऐकत आलेली तीन; पुढच्या परंपरेत चौथं बहुतेक गळूनच गेलं. चौथं ऋण माणसांचं. जन्माला येतानाच ते अंगावर घेऊन माणूस येतो, आणि ते फेडायचं कसं, तर लोकांना निवारा देऊन, खाऊ घालून. हे नीट बघितलं तर सगळं उलटं होतं. पाहुण्याला जेवू घालणारा उपकार करत नसतो, देणं चुकवत असतो. ऋणको यजमान आहे. मग पाहुण्यानं मान खाली घालायचं कारण काय? पेटी माझी नाही, असं त्या बाई म्हणाल्या तेव्हा हेच म्हणत होत्या की काय, ते त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे भाषा नव्हती.

हा विचार मला दोनेक तास फार आवडला. आपल्याकडचं काहीतरी जुनं, मोठं, त्यांच्या पेटीच्या तोडीचं सापडलं म्हणून असेल. आणि मग त्याच्या पाठोपाठ दुसरं आठवलं, जे मला आठवायचं नव्हतं.

माझं आजोळ पालखीच्या वाटेवरचं. गावाचं नाव घेत नाही. आषाढी वारीत तिथे दुपारचा विसावा असे आणि आमच्या घरी दीड-दोनशे पान उठे. आजी पहाटे तीनला चुली पेटवायची. पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी, शिरा. ती प्रत्येक वारकऱ्याच्या पाया पडायची, वयानं लहान असला तरी. ढोंग नव्हतं त्यात. आजीला ढोंग करता येत नसे. चौथं ऋण तिनं ऐकलेलं नव्हतं, पण ती ते फेडत होती यात मला शंका नाही. आणि पाया पडून झालं की ती विचारायची, "कुठल्या गावच्या, माउली?" आणि मग, त्याच मायेनं, "आडनाव काय?"

१९७५ साल. मी नऊ वर्षांची. एक म्हातारी, एकटीच, दिंडीच्या मागून आलेली. आजीनं विचारलं. म्हातारीनं गाव सांगितलं. आडनाव विचारल्यावर हसली, म्हणाली, "आमचं कसलं आडनाव, बाई. विठोबाची माणसं आम्ही."

आजी म्हणाली, "तरी पण?"

म्हातारीनं सांगितलं. ते काय होतं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की तिची पत्रावळ पडवीत न मांडता अंगणाच्या पलीकडे, गोठ्याशेजारी चिंचेखाली मांडली. वाढलं सगळं तेच. शिराही वाढला, उलट जास्त. मग आजीनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच म्हणाली, "वरून ओत. लागू देऊ नको." म्हातारीला ते सांगावं लागलं नाही. तिनं आपणहून ओंजळ धरली. मी वरून धार धरली. पिऊन झाल्यावर ओल्या हातानं तिनं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "सुखी रहा, माउली."

पंढरपूरचं देऊळ तेव्हा सगळ्यांना उघडं होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात त्यासाठी प्राण पणाला लावून उपोषण केलं होतं. घटनेनं अस्पृश्यता रद्द केल्याला पंचवीस. म्हणजे ती म्हातारी विठोबाच्या पायांवर डोकं ठेवू शकत होती आणि आमच्या पडवीत बसू शकत नव्हती. तीनशेहून अधिक वर्षांची वारी, तीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात, आणि हे सगळं खरं असतं, मनापासून असतं. त्या मनापासून असण्यानं 'तरी पण' थांबत नाही.

ग्रान्योनला मला ज्याचा राग आला होता, ते न विचारणं, त्याची किंमत मला बेलोरादोच्या अलीकडच्या त्या शेतांत कळली असं लिहिणं सोपं आहे, आणि अगदी खोटंही नाही. पण मला ते पुरेसं वाटत नाही. माझा राग आडनाव विचारलं जाणाऱ्याचा नव्हताच. माझं आडनाव मला आयुष्यभर पडवीत बसवत आलं आहे. म्हणूनच मला, मी कोण ते विचारा, मला नीट बघा, असा हट्ट धरता येतो. विचारलं जाणं ही ज्याला ऐट वाटते त्यानं 'तरी पण'च्या पलीकडे बसून जेवलेलं नसतं. 'न विचारणं म्हणजे नीट न बघणं तर नव्हे' हा माझा प्रश्न पडवीतून विचारलेला होता. त्या म्हातारीनं तो विचारला नसता.

स्पेननं मला काही दाखवून दिलं म्हणावं तर त्या देशाचा हिशेबही तसा स्वच्छ नाही. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये संताचा एक पुतळा आहे. तो यात्रेकरूच्या वेशातला नाही, पांढऱ्या घोड्यावर, तलवार उगारलेला आहे. मातामोरोस, म्हणजे मूरांना मारणारा. घोड्याच्या पायांखाली मूर मुसलमान कापले जाताहेत. मी गेले तेव्हा तो खालचा भाग ताज्या फुलांनी झाकलेला होता. फुलं रोज बदलत असणार. कॅथेड्रलसमोरच्या चौकात जे भव्य हॉटेल आहे ते मूळचं यात्रेकरूंचं रुग्णालय, राजा फर्नांडो आणि राणी इसाबेल यांनी बांधवलेलं. आजारी, दमलेल्या परदेशी माणसाला तिथे खाट मिळे. याच दोघांनी १४९२ मध्ये, बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा, असं सांगून स्पेनमधल्या यहुद्यांना देशाबाहेर काढलं. शेकडो वर्षं तिथे राहत असलेल्यांना. दुरून आलेल्याला खाट आणि घरातल्याला दार. आजीला हे चटकन समजलं असतं.

मग ग्रान्योनची ती उघडी पेटी म्हणजे काय? फुलं? मला नाही वाटत. फुलांखाली काहीतरी लपवायचं असतं. पेटी उघडी होती ती पैसे दिसावेत म्हणून नाही, घेणाऱ्याचा हात कुणाला दिसू नये म्हणून. जमेल ते ठेव, लागेल ते घे, आणि कोणी काय केलं हे कुणीच मोजू नये. बाईंनी चिठ्ठीला नकार दिला, कारण चिठ्ठी म्हणजे आडनाव. एकीनं सांगितलं की दुसरीला सांगावं लागतं.

बुर्गोसला माझं कार्ड सुरू झालं. पुढे बेर्सियानोस देल रेआल कामिनो नावाच्या गावात अशीच ऐच्छिक देणगीवर चालणारी चर्चची धर्मशाळा आहे, मातीच्या भिंतींची. तिथल्या पेटीत मी नेहमीच्या पैशांशिवाय वीस युरो जास्त टाकले. सुटल्यासारखं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. वाटीत साखर घालून परत पाठवल्यासारखं वाटलं, तेही चुकीच्या शेजाऱ्याकडे. रात्री उशिरापर्यंत जागी होते.

सांतियागोला पोचल्यावर यात्रेकरूंच्या कचेरीत नोंद करताना यात्रेचा हेतू विचारतात. धार्मिक, आध्यात्मिक, की इतर. उत्तराप्रमाणे प्रमाणपत्र बदलतं. मी 'इतर'वर बोट ठेवलं आणि रांगेतून बाजूला झाले. निघताना वाटलं होतं तेवढं ते बोट ठेवणं महत्त्वाचं उरलं नव्हतं.

परत आल्यावर दिवाळीत आजोळी गेले. घर आता धाकट्या मामाचं. चिंच पाडली आहे, गोठ्याच्या जागी गाडी उभी असते, पालखीच्या दिवशी अजून जेवण असतं पण आचारी बोलावतात, मांडव घालतात, टेबलं मांडतात. टेबलावर कोण कुठे बसतं ते कुणी बघत नाही, मामा म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं. मी त्याला त्या म्हातारीचं विचारलं. पंच्याहत्तर सालची. एकटीच आली होती, चिंचेखाली बसली होती. गाव कोणतं, आडनाव कोणतं, काही आठवतंय का?

मामा बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "अगं, दोनशे माणसं जेवायची. कोण कुठे बसलं कोण लक्षात ठेवतं?"

तांब्या जड होता. मी तो दोन्ही हातांनी धरला होता.